खेळाची वर्गणी : फुकट काय आणि विकत काय

वर्गणी हा शब्द आमच्या पिढीस नवा नाहीं. वाचनालयाची वर्गणी, गणेशोत्सवाची वर्गणी, व्यायामशाळेची वर्गणी आणि या मासिकाची वर्गणी, इतक्या वर्गण्या घराच्या जमाखर्चांत बिनबोभाट बसत आल्या आहेत. त्यांत आतां मुलांच्या खेळयंत्राच्या वर्गणीची भर पडली आहे. दूरचित्रवाणीच्या पडद्यास जोडून ज्यावर खेळ खेळतात, त्या यंत्रास मुलें कन्सोल असें म्हणतात. यंत्र घेतांना एकदां पैसे मोजले, खेळ घेतांना पुन्हां मोजले, घरांतल्या इंटरनेटचे पैसे दरमहा जातातच. आणि इतकें झाल्यावरहि दूरच्या मित्राशीं खेळावयाचें तर आणखी वर्गणी भरा, असें यंत्र सांगतें. तेव्हां ‘ही वर्गणी कसली?’ असें वडील मंडळींनीं विचारणें अगदीं स्वाभाविक आहे.

याच विषयावर एका वाचक भगिनीचें पत्र आमच्यासमोर आहे. घर एकत्र, घरांत प्लेस्टेशन ५ हें एकच यंत्र, तें थोरल्या जाऊबाईंच्या मुलाच्या मुंजींत आलेल्या पैशांतून घेतलेलें. वर्षाची वर्गणीहि त्याच्याच नांवें भरलेली. या बाईंचा मुलगा त्याहून दोन वर्षांनीं लहान. तो खेळावयास बसला कीं थोरला म्हणतो, ‘माझ्या वर्गणीवर खेळतोस.’ त्यासरशीं लहानगा उठून जातो. बाई विचारतात : ‘मुलाच्या नांवें निराळी वर्गणी भरूं काय? आमच्या मिळकतींत ती जड आहे. पण मूल रोज उठून जातें, तें पाहवत नाहीं.’

या प्रश्नाचें उत्तर दोन वाक्यांत देतां येईल. परंतु तें नीट पटावें म्हणून ही वर्गणी आली कोठून आणि तींत मिळतें काय, हें आधीं पाहिलें पाहिजे.

सेगा कंपनीनें १९९४ सालीं अमेरिकेंत केबलच्या तारेवरून घरोघर खेळ पोंचविण्याची मासिक वर्गणीची योजना काढली होती. ‘सेगा चॅनेल’ हें तिचें नांव. ती फार वर्षें टिकली नाहीं. हल्लींच्या पद्धतीचा पाया घातला तो मायक्रोसॉफ्ट कंपनीनें. १५ नोव्हेंबर २००२ रोजीं तिनें ‘एक्सबॉक्स लाइव्ह’ सुरू केलें. वर्षाला सुमारें ५० डॉलर. त्यांत खेळाडूस सर्व खेळांत चालेल असें एक नांव, मित्रांची एक यादी, आणि खेळतां खेळतां बोलण्याची सोय. त्या काळीं हें खरोखरच नवें होतें आणि लोकांनीं त्याचे पैसे दिले.

सोनी कंपनीनें उलट मार्ग धरला. नोव्हेंबर २००६ मध्यें प्लेस्टेशन ३ निघालें, तेव्हां त्यावर इतरांशीं ऑनलाइन खेळणें विनामूल्य होतें. २०१० च्या जून महिन्यांत ‘प्लेस्टेशन प्लस’ ही वर्गणी निघाली ती ऐच्छिक होती. पण नोव्हेंबर २०१३ मध्यें प्लेस्टेशन ४ आलें आणि विकत घेतलेला खेळ ऑनलाइन खेळावयाचा तर हीच वर्गणी आवश्यक ठरली. निन्टेंडो कंपनीचें ‘स्विच’ मार्च २०१७ मध्यें बाजारांत आलें. सुमारें दीड वर्ष तेथें सर्व फुकट होतें, आणि सप्टेंबर २०१८ पासून वर्गणी सुरू झाली. अशा रीतीनें तिन्ही कंपन्या एकाच नाक्यावर येऊन बसल्या.

‘सेवा चालविण्यास खर्च येतो, त्याची ही भरपाई’ असें समर्थन कोणी करील. खर्च येतो हें खरें. परंतु तेवढेंच कारण नव्हे, याला एक प्रमाण आहे. मायक्रोसॉफ्टनें २००७ सालीं साध्या संगणकावरील खेळांनाहि ही वर्गणी लावून पाहिली. संगणकावर खेळाडूस दुसऱ्या वाटा मोकळ्या होत्या. लोकांनीं ती मानिली नाहीं, आणि २००८ च्या जुलैमध्यें कंपनीस ती उठवावी लागली. आजहि स्टीमसारख्या दुकानांतून संगणकासाठीं घेतलेले खेळ ऑनलाइन खेळण्यास दुकान निराळी वर्गणी मागत नाहीं. कन्सोलाचें तसें नाहीं. तेथें दरवाजा एकच, आणि त्याची किल्ली यंत्र करणाऱ्याच्या हातीं. म्हणून ही वर्गणी कांहीं अंशीं सेवेचें मोल आहे आणि कांहीं अंशीं नाक्यावरची जकात आहे, असें म्हणणें वस्तुस्थितीस धरून होईल.

दाम मोजल्यानें सेवा अभंग राहते, असेंहि नाहीं. एप्रिल २०११ मध्यें सोनीच्या त्या वेळच्या विनामूल्य सेवेवर चोरट्यांनीं हल्ला केला. सुमारें ७ कोटि ७० लक्ष खात्यांची माहिती धोक्यांत आली आणि सेवा तीन आठवड्यांहून अधिक काळ बंद राहिली. यावरून ‘फुकट तें कच्चें’ असें अनुमान कोणी काढील; पण २०१४ च्या नाताळांत सोनी आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांच्याहि सेवा हल्ल्यामुळें बंद पडल्या, आणि तेव्हां दोन्हीकडे वर्गणी होती.

आतां वर्गणी न भरतां काय मिळतें, तें पाहूं. तिन्ही यंत्रांवर खेळ विकत घेणें, ते उतरवून घेणें, त्यांतील दुरुस्त्या मिळविणें आणि एकट्यानें खेळणें यांस वर्गणी लागत नाहीं. एकाच पडद्यापुढें शेजारीं शेजारीं बसून दोघां-चौघांनीं खेळण्यासहि लागत नाहीं. शिवाय जे खेळ मुळांतच फुकट वांटले जातात, उदाहरणार्थ फोर्टनाइट, रॉकेट लीग किंवा एपेक्स लेजंड्स, ते इतरांशीं ऑनलाइन खेळण्यासहि वर्गणी नको. एक्सबॉक्सवर मात्र ही सवलत पूर्वीं नव्हती. जानेवारी २०२१ मध्यें मायक्रोसॉफ्टनें वर्गणीचे दर वाढविण्याचें जाहीर केलें. ग्राहकांनीं इतका ओरडा केला कीं त्याच दिवशीं कंपनीनें वाढ मागें घेतली आणि फुकट खेळांवरील वर्गणीहि काढून टाकण्याचें वचन दिलें. तें त्याच वर्षीं एप्रिलांत पाळलें गेलें. ग्राहक बोलले तर ऐकलें जातें, हें या प्रसंगावरून लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

वर्गणी लागते ती पैसे देऊन घेतलेला खेळ दूरच्या माणसाशीं खेळण्यास. माइनक्राफ्ट किंवा फुटबॉलचा ईए स्पोर्ट्स एफसी हे या वर्गांतले. खेळाची प्रगति कंपनीच्या सर्व्हरवर जपून ठेवणें, ज्यास मुलें क्लाउड म्हणतात, तें प्लेस्टेशन व निन्टेंडोवर वर्गणीदारांसच मिळतें. एक्सबॉक्सवर तें विनामूल्य आहे. ज्या घरीं यंत्र जुनें झालें आहे, तेथें हा भेद लहान समजूं नये. यंत्र बिघडलें तर मुलानें वर्षभर रचलेलें सर्व जातें.

वर्गणीबरोबर दरमहा कांहीं खेळ ‘फुकट’ मिळतात अशी जाहिरात असते. या ‘फुकट’ शब्दाची थोडी फोड केली पाहिजे. संस्कृतांत योग आणि क्षेम असे दोन शब्द जोडीनें येतात. नसलेली वस्तु मिळणें हा योग, आणि मिळालेली वस्तु राखली जाणें हें क्षेम. खेळ विकत घेतला म्हणजे बहुधा दोन्ही साधतात. वर्गणीतून मिळालेल्या खेळाचा योग होतो. क्षेम वर्गणी चालू असेतोंवरच. वर्गणी थांबली कीं प्लेस्टेशनवर ते खेळ कुलूपबंद होतात; पुन्हां भरली म्हणजे उघडतात. वरच्या श्रेणींतील मोठ्या संग्रहांतून तर वर्गणी चालू असतांनाहि कंपनी एखादा खेळ काढून घेऊं शकते. आमच्या या मासिकाची वर्गणी वाचकानें पुढें न पाठविली, तरी मागले अंक त्याच्या कपाटांतून कोणी उचलून नेत नाहीं. मासिकाची वर्गणी आणि यंत्राची वर्गणी यांत शब्द एक असला, तरी वस्तु निराळी आहे. यंत्राची वर्गणी ही वाचनालयासारखी आहे : पुस्तकें पुष्कळ, वाचावयास मोकळीक, पण कपाट आपलें नव्हे. वाचनालयांत कांहीं वाईट नाहीं. तें आपलें कपाट आहे असें मुलानें समजूं नये, एवढेंच.

आतां दराचा विचार. हिंदुस्थानांत २०२२ च्या जूनमध्यें प्लेस्टेशन प्लसच्या तीन श्रेणी झाल्या : इसेन्शियल, एक्स्ट्रा आणि डिलक्स. त्यांचे वार्षिक दर त्या वेळीं अनुक्रमें २,९९९, ४,९९९ आणि ५,७४९ रुपये होते. इसेन्शियलचा मासिक दर ४९९. सप्टेंबर २०२३ मध्यें वार्षिक दर वाढले आणि इसेन्शियल ३,९४९ रुपयांवर गेली. एक्सबॉक्सची सर्वांत वरची श्रेणी, गेम पास अल्टिमेट, अमेरिकेंत २०१९ सालीं महिना १५ डॉलरांस होती. ऑक्टोबर २०२५ मध्यें तीच ३० डॉलर झाली. सहा वर्षांत दुप्पट! वर्गणी धरतांना आजचा दर पाहून भागत नाहीं, तो वाढणारा आहे असें धरूनच हिशेब मांडावा.

हिशेब सोपा आहे आणि तो मुलांकडूनच करवून घ्यावा. ४९९ रुपयांप्रमाणें बारा महिन्यांचे ५,९८८ होतात. वर्षाची रक्कम एकदम भरल्यास ३,९४९. म्हणजे वार्षिक वर्गणी स्वस्त खरी; पण ३,९४९ रुपयांत आठ महिनेहि सुटे भरून होत नाहींत, सातच होतात. मूल वर्षांतून सात महिने किंवा त्याहून कमी खेळणार असेल, तर महिन्याचीच वर्गणी बरी. परीक्षा असलेल्या मुलानें एप्रिल-मेच्या सुटींत दोन महिने खेळावयाचें ठरविलें, तर ९९८ रुपयांत काम होतें. दर बदलले असतील तर आंकडे नवे घालावे, रीत तीच.

फुकट खेळांचीहि एक बाजू सांगितली पाहिजे. जेथें दारावर पैसे घेत नाहींत, तेथें आंत दुकानें असतात. खेळांतील पात्रास नवा पोशाख, नवें नृत्य, नवें शस्त्र, हें सर्व विकत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननें फोर्टनाइटच्या मालकांशीं, म्हणजे एपिक गेम्सशीं, डिसेंबर २०२२ मध्यें ५२ कोटि डॉलरांची तडजोड जाहीर केली. २७.५ कोटि मुलांच्या खाजगी माहितीविषयींच्या नियमांसंबंधीं दंड, आणि २४.५ कोटि ग्राहकांस परत देण्यासाठीं. कमिशनचा आरोप असा होता कीं बटनांची मांडणीच अशी केली होती कीं नकळत खरेदी व्हावी. तात्पर्य, वर्गणीचा खर्च ठरलेला तरी असतो. फुकट खेळाचा खर्च शून्यहि असेल आणि कितीहि होईल. ज्या घरांत मुलाच्या हातीं कार्डाचा क्रमांक आहे, त्या घरीं फुकट खेळ हा महागहि पडूं शकतो.

येथें एक समज दूर करूं. ऑगस्ट २०२५ मध्यें आपल्याकडे ऑनलाइन खेळांविषयीं नवा कायदा झाला आणि पैसे लावून खेळण्याच्या खेळांस बंदी आली. तेव्हांपासून कांहीं घरांत सर्वच ऑनलाइन खेळ जुगार समजले जाऊं लागले आहेत. तें बरोबर नाहीं. पण लावणें निराळें आणि प्रवेशाची वर्गणी देणें निराळें. हा भेद त्या कायद्यानेंहि केला आहे. नाटकाचें तिकीट काढणारा माणूस जुगारी ठरत नाहीं.

आतां भगिनींच्या प्रश्नाकडे वळूं. त्यांनीं निराळी वर्गणी भरूं नये. कारण तिची गरजच नाहीं. प्लेस्टेशन ५ वर ‘कन्सोल शेअरिंग’ नांवाची सोय आहे. वर्गणीदारानें आपल्या एका यंत्रावर ती चालू ठेविली, म्हणजे त्या यंत्रावर ज्यांचीं ज्यांचीं खातीं आहेत, त्या सर्वांस ऑनलाइन खेळतां येतें आणि वर्गणीतले खेळहि उघडतात. एक्सबॉक्सवर ‘होम एक्सबॉक्स’ या नांवानें अशीच व्यवस्था आहे. उंबऱ्यावर ठेविलेला दिवा आंतल्या खोलीलाहि उजेड देतो आणि बाहेरच्या ओटीलाहि. तेल दुप्पट लागत नाहीं. यालाच शास्त्रकार देहलीदीपन्याय म्हणतात. थोरल्या मुलाची वर्गणी हा असा उंबऱ्यावरचा दिवा आहे. धाकटा त्या उजेडांत बसला, म्हणून थोरल्याचा एक कणहि कमी होत नाहीं. धाकट्याचें स्वतःचें विनामूल्य खातें मात्र उघडून द्यावें. म्हणजे त्याची प्रगति त्याच्या नांवें राहील आणि त्यास दुसऱ्याच्या नांवानें खेळावें लागणार नाहीं.

निन्टेंडो घेणाऱ्या एकत्र कुटुंबांनीं मात्र ध्यानांत ठेवावें कीं तेथील नियम याच्या उलट आहे. तेथें वर्गणी यंत्रास नसून व्यक्तीस असते. एकानें भरली म्हणून त्याच यंत्रावर भावास ऑनलाइन खेळतां येत नाहीं. त्यासाठीं कुटुंबाची निराळी वर्गणी आहे. ती आठ खात्यांपर्यंत चालते. अमेरिकेंत २०१८ सालीं सेवा सुरू झाली, तेव्हां एकट्याची वर्षाला १९.९९ डॉलर आणि कुटुंबाची ३४.९९ डॉलर होती. म्हणजे दोघे भाऊ असले तरी कुटुंबाचीच स्वस्त पडे.

यंत्राची व्यवस्था झाली. पण भगिनींच्या पत्रांतलें खरें दुःख यंत्रांत नाहीं, ‘माझ्या’ या शब्दांत आहे. तो शब्द थोरल्यानें कोठून उचलला? घरांत वीज कोणाच्या नांवें, भाडें कोण देतो, किराणा कोणाच्या पगारांतून येतो, याची वाच्यता मोठ्यांच्या तोंडून झाली असेल, तर मुलांनीं तोच हिशेब खेळापर्यंत आणला, यांत त्यांचा फारसा दोष नाहीं. म्हणून आमची सूचना अशी : पुढील वर्षाची वर्गणी एका मुलाच्या मुंजीच्या किंवा वाढदिवसाच्या पैशांतून न भरतां घराच्या सामाईक खर्चांतून भरावी. ज्याची मिळकत अधिक त्यानें अधिक घालावें, ज्याची कमी त्यानें कमी. आणि कोणीं किती घातलें, हें मुलांच्या कानीं जाऊं देऊं नये. खातें एखाद्या वडील माणसाच्या नांवें असावें. खेळण्याच्या वेळा मात्र दोघांच्याहि सारख्या लावाव्या; त्या लावण्याची सोय तिन्ही यंत्रांत आहे आणि तिला वर्गणी लागत नाहीं. हें थोरल्या जाऊबाईंशीं बोलतांना मुलाची तक्रार म्हणून काढूं नये; घराची व्यवस्था म्हणून काढावें. तक्रारीचें उत्तर तक्रारीनें मिळतें. व्यवस्थेचा विचार सर्वांना करावा लागतो. आणि थोरल्यासहि एकदां जवळ घेऊन सांगावें कीं त्यानें आणलेलें यंत्र घरानें आनंदानें स्वीकारलें आहे. देणाऱ्याचा मान राखला गेला, म्हणजे त्यास तो वारंवार मागावा लागत नाहीं.

शेवटीं व्यवहाराची एक गोष्ट. या वर्गण्या संपल्या म्हणजे आपोआप पुन्हां सुरू होतात. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणें अशी रक्कम कार्डावरून वळती होण्यापूर्वीं निदान २४ तास आधीं ग्राहकास सूचना मिळावी लागते. ही सूचना भ्रमणध्वनीवर येते आणि बहुतेक घरांत न वाचतांच पुसली जाते. ती वाचावी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं ग्राहकांस चकविणाऱ्या १३ युक्त्यांची जी यादी प्रसिद्ध केली, तींत वर्गणीचा सांपळाहि आहे : जींत शिरणें सोपें आणि जींतून निघणें अवघड, अशी मांडणी करणें आतां नियमाविरुद्ध आहे. तरी सर्वांत चांगला उपाय आपल्या हातांत आहे. वर्गणी भरली त्याच दिवशीं पुढील नूतनीकरण बंद करून ठेवावें. भरलेली मुदत बुडत नाहीं. आणि मुदत संपली म्हणजे घरांत पुन्हां एकदां विचार होतो, कीं गेल्या वर्षीं कोण किती खेळलें आणि यंदां ही हवी कीं नको.

हा विचार मुलांसमोर, मुलांना घेऊन करावा. सात महिने आणि आठ महिने यांतला फरक ज्यानें स्वतः मांडून पाहिला, त्यास पुढें मोठ्या रकमांच्या जाहिराती वाचतांना या हिशेबाचा उपयोग होईल.